पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार परदेशातून गोव्यात आणता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण फोंड्याचे आहात. आपला मामेभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो आणि तिथे त्याला १९९९ सालची निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे शौकीन जिला नुसते 'आर-३४' म्हणतात ती गाडी, विकत मिळते आहे. स्टिअरिंग उजवीकडे आहे, गाडीला पंचवीस वर्षे उलटली आहेत, त्यामुळे ती आता कायद्याने आणता येते असे आपल्या वाचनात आले. ती मुरगाव बंदरात उतरवून गोव्यातच रजिस्टर करावी असा बेत आहे आणि एकूण ड्यूटी किती बसेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय एका एजंटाने गाडी भावाच्या नावावर 'टीआर'मध्ये, म्हणजे परदेशातून कायमचे परतणाऱ्यांसाठीच्या सोयीत, आणून नंतर आपल्या नावावर करून देऊ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे.

मी वास्कोला कस्टम्स ब्रोकरचे, म्हणजे आयात मालाचे कस्टम्समधले काम करून देण्याचे, काम करतो. आमचा बहुतेक धंदा यंत्रसामग्रीचा आणि घरसामानाचा, पण गोव्यातून परदेशी गेलेली माणसे इतकी आहेत की गाड्यांची विचारणा अधूनमधून येतच राहते. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, ही विशिष्ट गाडी कायम वापरासाठी भारतात आणून गोव्यात रजिस्टर करण्याचा सरळ मार्ग आज उपलब्ध नाही, आणि एजंटाने सांगितलेला मार्ग आपल्याला व आपल्या भावाला अडचणीत आणणारा आहे. त्यामुळे ड्यूटीचा हिशेब मी खाली दिला असला तरी तो या गाडीचा नाही.

अशा प्रकरणांत लोक सर्वांत आधी ड्यूटी विचारतात आणि माझ्या मते घोटाळा तिथेच सुरू होतो. ड्यूटी हा सीमाशुल्काचा विषय आहे, तर एखादी वस्तू देशात येऊ द्यायची की नाही हे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, आयात धोरणात ठरते. गाड्यांसाठीच्या अटी त्या धोरणाच्या ८७व्या प्रकरणाच्या टिपांमध्ये आहेत. धोरणात न बसणाऱ्या गाडीवर आपण कितीही शुल्क भरायला तयार असलात तरी त्यामुळे तिच्यावरची मनाई उठत नाही. गाडी कधी बनली, तिचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे आणि ती कोण कोणत्या नात्याने आणतो आहे, या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच पैशांचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे.

पंचवीस वर्षांचा जो नियम आपण वाचलात तो खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे. दुसऱ्या देशांच्या बाजारासाठी बनलेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांत बसत नसली तरी तिला पंचवीस वर्षे पूर्ण झाली की त्या मानकांतून सूट मिळते; म्हणून १९९९ सालच्या आर-३४ तिथे २०२४ पासून कायदेशीरपणे येऊ लागल्या आणि त्याचा गाजावाजा झाला. भारताचा नियम याच्या नेमका उलट आहे. वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. तिथे गाडी जितकी जुनी तितकी वाट मोकळी होते आणि इथे तितकी बंद होते. अगदी दुसऱ्या टोकाला जुन्या गाड्यांसाठी एक खिडकी आहे. पूर्वी १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्याच 'व्हिंटेज' म्हणून आणता येत, २०२५ मध्ये ही मर्यादा पन्नास वर्षांवर आणण्यात आली. त्या हिशेबाने आपली आर-३४ पात्र व्हायला २०४९ साल उजाडेल, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते हे वेगळेच.

आपल्या गाडीचा निकाल या एका अटीवरच लागतो. तरीही उरलेल्या अटी सांगतो, कारण आपण किंवा आपला भाऊ उद्या एखादी नवी गाडी पाहाल तेव्हा त्या उपयोगी पडतील.

स्टिअरिंग उजवीकडे हवे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. इंग्लंडच्या गाड्या पहिल्या आणि तिसऱ्या अटीत बसतात, पण त्यांचा स्पीडोमीटर मैलांत असतो, तेवढा बदल करावा लागतो. दुबईची गाडी मात्र डाव्या स्टिअरिंगमुळे दारातच अडते. गोव्यात जुन्या मंडळींकडून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, तो असा की पोर्तुगीज काळात इथे डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या सर्रास चालत, मग आताच का नको. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवीकडून वाहन चालवणे स्वीकारले, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली आणि परदेशी गाड्या तशाच येत राहिल्या. तो इतिहास झाला. त्यातून आजच्या आयातीसाठी कोणताही हक्क निर्माण होत नाही. 'इथे आणून स्टिअरिंग बदलून घेऊ' हेही चालत नाही, कारण अट आयातीच्या वेळची आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे अधिकच स्पष्ट केले आहे.

बंदराचाही प्रश्न आहे. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते. जहाज मुरगावला थांबत असले, आपला माणूस तिथे असला, तरी काही उपयोग नाही. त्याशिवाय गाडी आयातीच्या तारखेपासून किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याच्या स्थितीत राहील आणि त्या काळात तिला देशात सर्व्हिसची सोय मिळेल, याची हमी तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्रासह द्यावी लागते, आणि गाडी उतरल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची चाचणीही असते. जे मॉडेल निर्मात्याने भारतात कधी विकलेच नाही, त्याच्या सर्व्हिसची हमी कोण देणार, हा प्रश्न स्पोर्ट्स कारच्या बाबतीत कागदावर लहान आणि व्यवहारात फार मोठा असतो.

तीन वर्षांच्या अटीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण नव्या गाड्यांची प्रकरणेही बहुधा इथेच अडकतात. अट उत्पादनाच्या तारखेची आहे, पहिल्या नोंदणीच्या तारखेची नाही, आणि इंग्लंडच्या व्ही-फाइव्ह-सी या नोंदणीपुस्तकात मिळते ती नोंदणीची तारीख. शोरूममध्ये आठ-दहा महिने पडून राहिलेली गाडी पुस्तकात दोन वर्षे पाच महिन्यांची दिसते आणि प्रत्यक्षात तीन वर्षांच्या पलीकडे गेलेली असते. जपानच्या देशांतर्गत बाजाराच्या गाड्यांवर तर सतरा अक्षरी नंबरही नसतो. आर-३४ च्या इंजिनखान्यात मागच्या पत्र्यावर 'बीएनआर३४' आणि पुढे आकडे ठोकलेले असतात, त्यात साल कुठेच नसते. मग तपासणी अधिकारी दुसरीकडे पाहतो. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण ओढला की तळाशी शिवलेल्या लेबलवर त्या पट्ट्याच्या उत्पादनाची तारीख सापडते, काचांच्या कोपऱ्यात निर्मात्याच्या खुणा असतात, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला जातो आणि तो बिल ऑफ एंट्रीशी, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या घोषणापत्राशी, ताडला जातो. सीटबेल्टचे लेबल एक सांगते आणि आपला कागद दुसरे, असे झाले की पुढचे सारे संशयाच्या छायेत जाते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की गाडीचे पैसे देण्याआधी निर्मात्याकडून उत्पादनाचा महिना आणि साल लिहून दिलेले पत्र घ्या, आणि ते मिळत नसेल तर गाडी सोडून द्या. जहाजाला उशीर होणे नित्याचे असल्यामुळे तीन वर्षांच्या मर्यादेला अगदी टेकलेली गाडीही घेऊ नका.

आता 'टीआर'. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स ही सोय परदेशात सलग किमान दोन वर्षे राहून कायमच्या वास्तव्यासाठी परत येणाऱ्यांसाठी आहे. गाडी त्या व्यक्तीच्या ताब्यात परदेशात किमान एक वर्ष असायला हवी. या मार्गाने आयातीच्या काही अटी शिथिल होतात, पण शुल्कात सवलत मिळत नाही, आणि तीन वर्षांची अट व उजवे स्टिअरिंग यांतून सुटका होत नाही. आणखी एक बंधन असे की ही गाडी आणल्यापासून दोन वर्षे विकता येत नाही, आणि तशी नोंद तिच्या आरसी पुस्तकावर येते. आपल्या भावाने ती गाडी अजून घेतलेलीही नाही, तो परत येणार असल्याचे आपण कुठे म्हटलेले नाही, आणि पैसे आपले आहेत. म्हणजे एजंट जे सुचवतो आहे त्यात भावाला कस्टम्सपुढे किमान तीन खोटी निवेदने करावी लागतील. त्याची शिक्षा केवळ एजंटाला होत नाही. सही ज्याची असते त्यालाही होते.

भाऊ खरोखरच परतणार असेल तर गोष्ट वेगळी. मग तो कोणत्या पासपोर्टवर गेला आहे, पोर्तुगीज पासपोर्ट असल्यास ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे कार्ड) आहे का, मधल्या काळात गोव्यात किती राहून गेला, यांवर कोणते कागद लागतील हे ठरते. ती माहिती हाती नसताना मी त्यावर मत देणार नाही.

समजा भाऊ अटींत बसला आणि त्याने दीड वर्ष जुनी, उजव्या स्टिअरिंगची एखादी छोटी स्पोर्ट्स कार आणली, तर हिशेब साधारण असा होतो. कस्टम्स जुन्या गाडीची किंमत आपण दाखवलेल्या खरेदीच्या पावतीवरून सहसा धरत नाही. ती नवी असतानाच्या किमतीतून घसारा वजा करते. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के असा तो धरला जातो. नवी किंमत ४० लाख रुपये असेल तर दीड वर्षाचा घसारा २२ टक्के, म्हणजे किंमत उरली ३१ लाख २० हजार. त्यात जहाजभाडे आणि विमा मिळून २ लाख धरू, म्हणजे ३३ लाख २० हजार. वापरलेल्या गाडीवर सीमाशुल्काचा एकूण दर १३७.५ टक्के आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आणल्याच्या बातम्या आल्या, पण त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के लावल्यामुळे बोजा होता तेवढाच राहिला. त्यामुळे शुल्क झाले ४५ लाख ६५ हजार. या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ७८ लाख ८५ हजारांवर, २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेला ४० टक्के जीएसटी लावला की आणखी ३१ लाख ५४ हजार. गाडी बंदराबाहेर येईपर्यंत तिची किंमत १ कोटी १० लाखांच्या वर जाते आणि त्यातले ७७ लाख सरकारी तिजोरीत गेलेले असतात. गोव्याचा रस्ता कर, चाचणीचा खर्च, बंदराचे भाडे आणि आमची फी यात धरलेली नाही.

हे आकडे ऐकल्यावर गिऱ्हाईक बहुधा 'भेट म्हणून पाठवली तर?' असे विचारते. भेट मिळालेल्या गाडीवरही शुल्क तेवढेच लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या गाडीसाठी धोरणात जागा आहे, पण तिथेही शुल्कमाफी आपोआप मिळत नाही. रवी शास्त्रीची १९८५ ची ऑडी आली ती सरकारने खास निर्णय घेऊन शुल्क माफ केले म्हणून, आणि सचिन तेंडुलकरला मिळालेल्या फेरारीच्या माफीवरून किती वाद झाला हे आपल्याला आठवत असेल. त्या पंक्तीत आपण बसत नाही.

कोरी गाडी परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर तीही वैयक्तिक खरेदीदाराला सोपी नाही. जी आधी कुठेही नोंदली गेलेली नाही तीच धोरणाच्या दृष्टीने 'नवी', आणि तिला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमाखाली मान्यता लागते. २०१८ मध्ये वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत भारतातील चाचणीतून सूट देण्यात आली, पण ती निर्मात्यासाठी किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी आहे. बाजारात जी दुर्मीळ मॉडेले अधिकृतपणे दिसतात त्यांतली बरीच याच दाराने आलेली असतात.

आता आडवाटांविषयी, कारण गोव्यात त्या हमखास सुचवल्या जातात. पहिली म्हणजे गाडी कापून सुट्या भागांत आणायची आणि इथे जोडायची. सीमाशुल्क वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला दुसरा नियम स्पष्ट सांगतो की सुटी केलेली किंवा अपुरी वस्तू पूर्ण वस्तूसारखीच धरायची. म्हणजे दोन कंटेनरमध्ये आलेली गाडी ही गाडीच, आणि ती जोडल्यावर तिला चेसिस नंबर कुठला देणार? दुसऱ्या एखाद्या भंगारात गेलेल्या गाडीचा दिला तर तो थेट फौजदारी गुन्हा होतो.

दुसरी वाट म्हणजे किनाऱ्याकडच्या एखाद्या परदेशी पाहुण्याची कार्नेटवर आलेली गाडी विकत घेणे. कार्नेट द पासाज हा तात्पुरत्या प्रवेशाचा कागद आहे. पर्यटक सहा महिन्यांसाठी गाडी आणतो आणि परत घेऊन जातो. ती भारतात विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि २०२२ च्या नियमांनुसार तिच्यातून स्थानिक प्रवासी नेता येत नाहीत. हणजुणे-हरमल भागात अशी गाडी 'स्वस्तात' सांगितली गेली तर समजावे की पाहुण्याला ती परत नेण्याचा खर्च वाचवायचा आहे आणि जप्तीची जोखीम आपल्या गळ्यात घालायची आहे. हाच मार्ग सरळपणे मात्र वापरता येतो. आपला भाऊ इंग्लंडचा रहिवासी आहे, तो स्वतःच्या आर-३४ वर कार्नेट काढून पर्यटक म्हणून आला, जामीन भरला, हिवाळा गोव्यात फिरला आणि मुदतीत गाडी परत घेऊन गेला, तर त्यात गैर काही नाही. आर-३४ गोव्याच्या रस्त्यावर कायदेशीरपणे पाहण्याची मला दिसणारी हीच एक वाट आहे, आणि खर्चाचा विचार करता हा शौक मोठाच म्हणावा लागेल.

तिसरी शक्यता म्हणजे आधीच भारतात नोंदलेली आयात गाडी जुन्या बाजारातून घेणे. ही वाट कायदेशीर आहे, पण इथे डोळे सर्वांत उघडे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' या नावाने छापे घातले तेव्हा भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदलेल्या गाड्यांचे प्रकरण उघड झाले. त्या गाड्यांकडे आरसी पुस्तके होती, हे लक्षात घ्या. आरसी म्हणजे शुल्क भरल्याचा पुरावा नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खालची जप्ती मालावर होते. आपण चांगल्या हेतूने, बँकेतून पैसे देऊन ती घेतली असली तरी गाडी जाऊ शकते. त्यामुळे विक्रेत्याकडे मूळ बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याचे चलन मागा, बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर घालून कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावर त्याची स्थिती पाहा, आणि त्यातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून घ्या. 'ते कागद पहिल्या मालकाकडे राहिले' हे उत्तर मिळाले तर तिथून उठावे. गाडी बाहेरच्या राज्याची असेल तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर आलाच. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती गोव्यात राहणार असेल तर नोंदणी इथे वळवावी लागते.

काही लोक म्हणतात की गाडी एकदा बंदरात आली की दंड भरून सोडवता येते. कलम १२५ मध्ये दंड भरून माल सोडवण्याची तरतूद आहे, हे खरे. पण ज्या मालाला मनाई आहे त्याच्या बाबतीत ती संधी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे, आणि दिली तरी ती अनेकदा माल परत बाहेर पाठवण्यापुरतीच असते. मधल्या काळात कंटेनर कंपनीचे आणि बंदराचे भाडे दिवसागणिक चढत राहते. उतरल्यापासून तीस दिवसांत माल सोडवला नाही तर कलम ४८ खाली तो विकण्याची कारवाई सुरू होऊ शकते. शिवाय कस्टम्समधून सुटलेली गाडी वाहतूक खात्याने नोंदलीच पाहिजे असे बंधन नाही; त्यांचे नियम वेगळे आणि फाइलही वेगळी.

एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर त्याच्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: तो ज्याच्या नावाने काम करणार आहे त्या कस्टम्स ब्रोकरचा परवाना क्रमांक, आणि ही गाडी आयात धोरणाच्या कोणत्या परिच्छेदाखाली बसते त्याचा उल्लेख. पहिल्याचे उत्तर कदाचित मिळेल. दुसऱ्याचे मिळाले तर इथे जरूर टाका, मी वाचून त्यावर लिहीन. भावाला मात्र आजच कळवा की आपल्या भरवशावर त्याने ती गाडी घेऊ नये. त्याला ती इंग्लंडमध्येच ठेवून चालवायची असेल तर तो सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे.